गाडी किती देते? : एका आकड्याचा इतिहास

मंडळी, नवी मोटारसायकल दारात येऊन उभी राहिली, की शेजारी पहिला प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडली?" दुसरा प्रश्नही ठरलेलाच असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, आणि शेवटी हळूच विचारतो, "खातो किती?" तोच हा प्रश्न. विकणारा एक आकडा सांगतो. वापरणाऱ्याच्या पदरात दुसराच पडतो. मग घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "कंपनी सांगते साठ, आणि गाडी देते पंचेचाळीस. फसवलं आम्हांला!"

खरेच फसवले का? की मोजण्यातच काही गोम आहे? या दोन आकड्यांत अंतर का पडते, आणि ते कमी करण्यासाठी काय काय खटपटी झाल्या, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यासाठी आपण जरा दूर, अमेरिकेत जाऊ. उदाहरणाला गाडी घेऊ तीही साधीसुधी नव्हे, तर शर्यतीच्या घाटणीची, म्हणजे स्पोर्ट्‌स कार. आपण म्हणाल, काटकसरीच्या गोष्टीत ही उधळी मोटार कशाला? पण उधळ्या म्हणून ज्याचे नाव गावभर झाले, त्याचीच वही तपासली तर पुष्कळदा नवीन काही शिकायला मिळते.

ही मोटार म्हणजे शेवरले कंपनीची कॉर्व्हेट. ३० जून १९५३ रोजी मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी तिची पहिली गाडी कारखान्याबाहेर पडली. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. अंग पत्र्याचे नव्हे, फायबरग्लासचे; आणि बसायला जागा दोघांपुरती. पहिल्यांदा इंजिन सहा सिलिंडरचे होते, १९५५ पासून आठ सिलिंडरचे आले. त्या काळी अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते. असली गाडी घेणारा माणूस तिच्या खाण्याची चौकशी करीत बसत नसे.

अर्थात, गाडी एका गॅलनला किती मैल जाते, हे कुणीच पाहत नव्हते असे नाही. कॅलिफोर्नियात १९३६ साली एक स्पर्धा सुरू झाली. पुढे ती 'मोबिल इकॉनॉमी रन' या नावाने गाजली, आणि महायुद्धाचा काळ सोडला तर १९६८ पर्यंत चालली. या शर्यतीत पहिला कोण पोहोचतो याला महत्त्व नव्हते. सर्वांत कमी पेट्रोलवर कोण पोहोचतो, तो जिंकला. गाडीत लबाडी होऊ नये म्हणून पंच बसवलेला असे. जिंकणाऱ्या कंपनीच्या जाहिराती मग वर्तमानपत्रांतून झळकत. पण चालवणारे होते कसलेले गडी! पायाखाली अंडे ठेवले आहे अशा बेताने ते पेट्रोलचे पेडल दाबीत. समोर चढ आहे की उतार, हे आधीच ओळखून ब्रेक वाचवीत. मुले शाळेत सोडणाऱ्या आणि उशीर झाला म्हणून गाडी पळवणाऱ्या गृहस्थाच्या हाती तो आकडा कसा लागावा? आकडा खोटा नव्हता. तो परक्याच्या पायाचा होता.

मग आले १९७३ साल. ऑक्टोबर महिन्यात अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असणारा भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ज्या देशात माणूस पावशेर साखर आणायलाही मोटारीतून जातो, तिथे ही केवढी आपत्ती! जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली, आणि देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने दुसरा कायदा झाला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या मोटारींची मिळून सरासरी किती असावी, हे सरकारने ठरवून दिले : १९७८ साली गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस. शिवाय, प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर तिचा आकडा चिकटवलेला असलाच पाहिजे, असा नियम झाला.

आता प्रश्न आला, हा आकडा काढायचा कसा? गाडी रस्त्यावर न्यावी, तर आज वारा, उद्या पाऊस. एकाचा पाय हलका, दुसऱ्याचा जड. दोन गाड्यांची तुलना होणार कशी? म्हणून मोजणी बंद खोलीत सुरू झाली. गाडी जागेवरच उभी राहते, तिची चाके मोठ्या रुळांवर फिरतात, आणि चालक समोरच्या आलेखाबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. गंमत अशी, की पेट्रोल मापाने मोजतच नाहीत. धुराड्यातून बाहेर पडणारा धूर पिशव्यांत गोळा करतात, आणि त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळले याचा हिशेब मांडतात. कारण मुळात ही परीक्षा धुराची होती. लॉस एंजेलिस शहरावर धुरकट हवेचे सावट असे, म्हणून तिथल्या सकाळी कामावर जाणाऱ्या रहदारीवरून शहराच्या चाचणीचा आलेख बेतला होता. तोच पुढे पेट्रोलच्या मोजणीला जुंपला गेला.

महामार्गासाठी वेगळा आलेख झाला. त्याची लांबी सुमारे साडेसोळा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ७८ किलोमीटरच्या आत, आणि जास्तीत जास्त वेग ९६. वातानुकूलन बंद. हवा ना फार गार, ना फार गरम. आता आपणच सांगा, मोकळा रस्ता मिळाला की १२० ने जाणाऱ्या माणसाची ही परीक्षा कशी होईल?

इथे आपल्या कॉर्व्हेटची गोष्ट रंगात येते. १९७८ च्या कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर खास कर बसवला. 'गॅस गझलर' म्हणजे पेट्रोल ढोसणारी, असे त्या कराचे नावच होते. हा कर कमी-जास्त ठरायचा तो प्रयोगशाळेतल्या आकड्यावर. मग कंपन्यांचे इंजिनियर कामाला लागले. १९८९ च्या कॉर्व्हेटला सहा गिअरची पेटी आली, आणि तिच्यात एक युक्ती बसवली होती. इंजिन गरम झाले असेल आणि चालकाने पेडल हलकेच दाबले असेल, तर पहिल्या गिअरनंतर दुसरा पडतच नसे. दांडा आपोआप चौथ्यात जाई! इंजिनाचे फेरे त्यामुळे कमी होत, पेट्रोल वाचे, आणि चाचणीत आकडा सुधारे. कराची धार चुकवायला ही युक्ती कामी आली. पुढच्या कॉर्व्हेटांतही ती राहिली.

पण मालकांनी काय केले? पुष्कळांनी बाजारातून स्वस्तातला एक लहानसा जोड आणला आणि ती युक्तीच बंद करून टाकली. कारण पहिल्यातून एकदम चौथ्यात जाणारी स्पोर्ट्‌स कार कोणाला आवडेल? म्हणजे चाचणीत एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी, असा प्रकार झाला. शिक्षकमंडळींना हे ओळखीचे वाटेल. परीक्षेपुरता घोकून पास झालेला विद्यार्थी व्यवहारात अडखळतो, त्यातलीच ही तऱ्हा.

तरीसुद्धा नाण्याला दुसरी बाजू आहे, बरं का. १९९७ साली आलेल्या कॉर्व्हेटचे इंजिन ५.७ लिटरचे आणि ३४५ अश्वशक्तीचे होते. तिच्या काचेवरचा आकडा शहरात गॅलनला १८ मैल आणि महामार्गावर २८ मैल असा होता. आपल्या हिशेबाने लिटरला शहरात साडेसात-पावणेआठ, आणि महामार्गावर सुमारे बारा किलोमीटर. एवढ्या थोरल्या इंजिनाची गाडी महामार्गावर बारा देते, हे ऐकून नवल वाटते ना? पण त्यात जादू नाही.

गाडी सपाट रस्त्यावर एका वेगाने चालली असेल, तर तिला दोनच गोष्टींशी झगडायचे असते : चाकांचे घर्षण आणि समोरची हवा. ही मोटार जेमतेम चार फूट उंच, अंगाने निमुळती, आणि वजनाला दीड टनाच्या आत-बाहेर. हवा तिच्यावरून सहज सरकते. ताशी ९५ किलोमीटरने जायला तिला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. मग बाकीची सव्वातीनशे? ती स्वस्थ बसून असते. मात्र मोठे इंजिन रिकामे फिरवणे महाग पडते. हवा आत घेण्याची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि इंजिनाला त्या फटीतून श्वास ओढण्यातच ताकद घालवावी लागते. एका माणसाच्या चहासाठी लग्नाची चूल पेटवावी, तसे ते होते. यावर उपाय म्हणजे शेवटचा गिअर इतका लांब ठेवायचा, की इंजिन अगदी संथ फिरेल. या गाडीत सहाव्या गिअरला ताशी ९५ च्या वेगात इंजिन मिनिटाला तेराशे-साडेतेराशे फेरेच घेते. २०१४ च्या कॉर्व्हेटमध्ये तर आणखी पुढची पायरी आली. हलक्या कामाला आठांपैकी चार सिलिंडर विश्रांती घेऊ लागले.

म्हणून रोज पन्नास-साठ मैल कामावर जाणारा अमेरिकन माणूस मोकळ्या महामार्गावरून एका लयीत ही गाडी हाकत असेल, तर तिचा खर्च लोक समजतात तितका येत नाही. लांबच्या प्रवासात इंजिन एकदा गरम झाले की गरमच राहते. थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते, आणि तो भुर्दंड लांब प्रवासात एकदाच पडतो. पण तीच गाडी, तोच माणूस, शहराच्या खोळंब्यात सापडला की चित्र पालटते. थांबा, निघा, पुन्हा थांबा. दर वेळी दीड टन वजन वेगात आणायचे, आणि तो वेग ब्रेकच्या उष्णतेत उडवून टाकायचा. इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल जाळते, आणि पुढे जाणे नाही. तेव्हा ही गाडी शहरात उधळी आणि महामार्गावर बऱ्यापैकी संसारी ठरते.

वेगाचे गणित मात्र विसरू नका. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांऐवजी ७५ ने गेलात, तर वेग दीडपटही वाढत नाही. पण हवेचा अडथळा सुमारे ८६ टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत राष्ट्रीय वेगमर्यादा १९९५ साली उठली आणि अनेक राज्यांनी वेग वाढवले. गाडी तीच राहिली, पण खर्च वाढला.

आता काचेवरच्या आकड्याकडे परत येऊ. लोकांच्या तक्रारी पहिल्यापासूनच होत्या, की चिठ्ठी बोलते तसे गाडी करत नाही. सरकारी खात्याला ते मान्य करावे लागले. १९८५ च्या गाड्यांपासून प्रयोगशाळेतला शहरी आकडा दहा टक्क्यांनी आणि महामार्गाचा आकडा बावीस टक्क्यांनी कमी करून चिकटवायचे ठरले. हे ठीक झाले. पण सरसकट कापणे म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवणे. म्हणून २००८ च्या गाड्यांपासून आणखी तीन चाचण्या जोडल्या. एकीत वेग ताशी १२९ किलोमीटरपर्यंत नेतात आणि गाडी जोरात पळवतात. दुसरीत कडक उन्हाळा आणि वातानुकूलन चालू. तिसरीत शून्याखाली सात अंशांची थंडी. या नव्या रीतीने शहरी आकडे सरासरीने बारा टक्के आणि महामार्गाचे आठ टक्के खाली आले. गाड्या एका रात्रीत बिघडल्या नव्हत्या. फक्त बोलणे खऱ्याच्या जवळ आले.

एवढे झाल्यावर तरी फसवणूक संपली का? नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना जाहीरपणे कबूल करावे लागले, की आपल्या सुमारे नऊ लाख गाड्यांवरचे आकडे फुगलेले आहेत. गाडी मोकळी सोडल्यावर ती किती लांब घरंगळते, यावरून तिच्यावरचा अडथळा ठरवतात, आणि प्रयोगशाळेतले रूळ त्या मापाने जड-हलके करतात. त्या मोजण्यांतच आपल्या सोयीचे आकडे निवडले गेले होते, असे तपासात निघाले. २०१४ साली त्यांनी दहा कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. खात्याचे लक्ष तिकडे वळले, त्याला एक कारण साध्या ग्राहकांच्या तक्रारी हे होते. लोकांनी आपापल्या टाकीचा हिशेब ठेवला होता, आणि तो चिठ्ठीशी जुळत नव्हता. वही ठेवणाऱ्या माणसाला फसवणे कठीण असते.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडेही याच जातीचे काम चालते, आणि तेही पुण्यात. 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. वेताळ टेकडीवर तिचे ठाणे आहे, आणि गाडीच्या जाहिरातीत 'एआरएआय' अशी अक्षरे दिसतात ती तिचीच. भारतात मोटारींसाठी जो आलेख अनेक वर्षे वापरला गेला, त्यात वेग ताशी ९० किलोमीटरपलीकडे जात नाही. तेव्हा तो आकडा गाडीगाडींची तुलना करायला उत्तम. आपल्या घाटाचा, खड्ड्यांचा आणि चौकातल्या कोंडीचा खर्च मात्र त्याला सांगता येत नाही. परीक्षा सर्वांना सारखी असते, रस्ता सर्वांना सारखा नसतो. 'फसवलं' म्हणण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा. पण तो ध्यानात घेऊनही आकडा फारच कमी पडत असेल, तर गप्पही बसू नये.

मग खरा आकडा काढायचा कसा? अगदी सोपे आहे. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा टाकी तितकीच भरा. शक्य तर त्याच पंपावर. किती किलोमीटर झाले, त्याला या खेपेस भरलेल्या लिटरने भागा. एकदा करून थांबू नका. दहा-बारा वेळा लिहा, पावसाळ्यात लिहा, उन्हाळ्यात लिहा. टायरची हवा कमी असेल, मागे ओझे असेल, तर तेही नोंदवा. वर्षाअखेर आपल्या हाती जो आकडा येईल, तो कुठल्याच कंपनीला सांगता येणार नाही. कारण तो आपल्या गाडीचा, आपल्या रस्त्याचा आणि आपल्या पायाचा मिळून असतो.

आता शिक्षकांसाठी थोडे. या विषयात गणिताचा एक सुंदर सापळा आहे. जाताना गाडीने लिटरला ८ दिले आणि त्याच वाटेने येताना १२ दिले, तर सरासरी किती? वर्गातली निम्मी मुले पटकन 'दहा' म्हणतील. पण करून पाहा. वाट ४८ किलोमीटरची धरा. जाताना सहा लिटर, येताना चार लिटर. एकूण ९६ किलोमीटर आणि दहा लिटर, म्हणजे ९.६.

दुसरे उदाहरण घ्या. एकाने लिटरला ५ देणारी जुनी जीप मोडून ८ देणारी घेतली. दुसऱ्याने २० देणारी मोटार मोडून ३० देणारी घेतली. दोघेही वर्षाला १२,००० किलोमीटर जातात. जास्त पेट्रोल कोणाचे वाचले? पहिल्याला २,४०० लिटर लागत होते, आता १,५०० लागतात; वाचले ९००. दुसऱ्याला ६०० लागत होते, आता ४०० लागतात. वाचले फक्त २००. आकडा तिघांनी वाढलेला जीपवाला, दहांनी वाढलेल्या मोटारवाल्याला मागे टाकतो! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी हाच भ्रम २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात मांडला. २०१३ च्या गाड्यांपासून तिथल्या चिठ्ठीवर, शंभर मैलांना किती गॅलन लागतात, हेही छापणे आवश्यक झाले. आपणही वहीत तसेच लिहावे : शंभर किलोमीटरला किती लिटर. मग पैशाचा हिशेब सरळ समोर दिसतो.

मंडळी, या साऱ्या इतिहासातून निघते ते एवढेच. सरकारने आकडा खरा व्हावा म्हणून नियम केले. कारखानदारांनी त्यांतून वाटा काढल्या. सरकारने नियम पुन्हा घट्ट केले. हे असेच चालू राहील. पण प्रत्येक वेळी खऱ्याचा शेवटचा निवाडा झाला तो पंपावर, भरलेल्या टाकीपाशी, साध्या माणसाच्या हिशेबाने. गाडी साडेतीनशे घोड्यांची असो की शेतावर जाणारी फटफटी असो, तिची खरी भूक तिच्या मालकालाच कळते. आणि तीही त्याने लिहून ठेवली तरच. तेव्हा पुढच्या खेपेला पंपावर जाल, तेव्हा खिशात पैशांबरोबर एक पेन्सिलही असू द्या.